अनुभव धागा: कोल्हापूरच्या थंडीत विजेवर घर ऊबदार ठेवायचं, पण परवडेल असं

पेठकरीण
मंडळी, नाशिककर हसतील. कोल्हापूरला कसली थंडी आणि कसला हीटर! पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावरून वारा सुटला की शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात फरशीवर पाय ठेववत नाही. आई ७६ वर्षांची, संधिवाताची. पाचला उठून पूजा केल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि नेमकी तेव्हाच बोटं आखडलेली असतात. निरांजनात वात बसवायला मला हाक मारते. गिझर आहे, आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न खोलीचा आहे. तुम्ही काय घेतलंत, बिल किती वाढलं, पस्तावलात का, ते लिहा. जाहिराती आम्हीही वाचल्यात.

सातवी गल्ली
ताई, माझी चूक आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. दोन वर्षांमागं पंख्याचा हीटर घेतला, २००० वॉटचा. सगळ्यात स्वस्त तोच होता. दहा मिनिटांत खोली तापते, खोटं कशाला बोलू. रात्री दोन तास, पहाटे दोन तास लावायचो. रोजची ८ युनिटं, महिन्याची २४०. एरवी आमचा वापर ९० च्या आसपास, पहिल्या स्वस्त टप्प्यात. १०० युनिटांच्या पुढं महावितरणचा दर जवळजवळ दुप्पट होतो, ३०० च्या पुढं आणखी चढतो. आमची झाली ३३०. म्हणजे हीटरची जवळपास सगळी युनिटं महागातली. बिल बघून वडील म्हणाले, "एवढ्यात घरादाराला घोंगडी आली असती की रं." त्यात हीटर बंद केला की पाच मिनिटांत खोली परत गार. आता माळ्यावर आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

बाळाची आई
माझं बाळंतपण माहेरी झालं, कसबा बावड्यात, ऐन जानेवारीत. भावानं हौसेनं नऊ पात्यांचा तेलाचा हीटर आणला. त्याची पिन जाडी, १६ अँपियरची. बाळंतिणीच्या खोलीत एकच साधा पॉइंट, ६ चा. भावानं जाडी पिन साध्या पॉइंटात बसवणारा कन्व्हर्टर लावला, त्याला एक्स्टेंशन जोडलं आणि झालं सुरू.

रात्री दीडच्या सुमारास वास आला. आईला वाटलं दुपटं हीटरवर पडलं. दुपटं नव्हतं. भावानं मेन स्विच पाडला आणि बॅटरीच्या उजेडात पिन ओढली, तर प्लास्टिक चिक्कीच्या पाकासारखं तार धरून आलं. भिंतीवरचा बोर्ड तपकिरी पडला होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर पाळणा. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सकाळी वायरमन आला. म्हणाला, "वहिनी, २००० वॉट म्हंजे नऊ अँपियरच्या आसपास. सहाच्या पॉइंटवर नऊ ओढल्यावर दुसरं काय हुणार?" त्यानं मेन बोर्डापासून जाड वायर ओढून स्वतंत्र पॉइंट काढला, अर्थिंग तपासलं. हा खर्च हीटरच्या किमतीत धरा, ताई. जुन्या घरात तो चुकत नाही.

त्यानंतर मात्र हीटरनं छान साथ दिली. तापायला अर्धा तास लागतो, पण आवाज नाही, डोळ्यावर उजेड नाही. खोली तापली की थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडतो, आणि बंद केल्यावरही पाती बराच वेळ कोमट राहतात. आमच्या डॉक्टरांनी एक सांगितलं होतं: बाळाचे हात-पाय बघू नका, ते गारच लागतात. मानेमागं हात लावा. घाम असेल तर खोली जास्त तापलीय. आम्ही पहिल्या आठवड्यात पोराला अक्षरशः उकडत होतो.

मास्तर
निवृत्त विज्ञान शिक्षक आहे, सवय जात नाही. दुकानात "तेलाचा हीटर कमी वीज खातो" असं सांगतात. तसं नसतं. कॉइल, हॅलोजन, पंखा, तेल, काहीही घ्या, एका युनिटातून उष्णता तेवढीच मिळते. फरक पडतो तो ऊब कुठं पोचते आणि किती वेळ टिकते यात. हॅलोजन समोर बसलेल्याला शेकतो, खोलीला नाही. पूजेच्या अर्ध्या तासासाठी त्यातली ४०० वॉटची एक कांडी पुरेल, मात्र पदर आणि कापूर दोन्ही लांब.

"हीटर ऑक्सिजन खातो" हेही चूक. कॉइल काही जाळत नाही. ऑक्सिजन खातो तो शेगडीतला जळता कोळसा, आणि बंद खोलीतल्या शेगडीचा विषारी वायू वासावरून कळत नाही. हौस म्हणूनसुद्धा ती खोलीत नको.

बिलाची वाट कशाला बघायची? मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी आकडा असतो. आमच्याकडं ३२०० आहे, म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून मिनिटभर मोजा. २००० वॉटला मिनिटाला १०७ च्या आसपास येतात, ४०० वॉटला २१. नातवाला कामाला लावा.

ताराबाई पार्क
मास्तरांच्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो आमच्या भिंतीवर टांगलाय: हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. म्हणून एका युनिटात तीन युनिटांएवढी ऊब मिळू शकते. उत्तरेत कडाक्याच्या थंडीत एसीच्या बाहेरच्या डब्यावर बर्फ धरतो, तसलं दुखणं कोल्हापूरच्या १४-१५ अंशांत नाही. एक टनाचा आहे, २२ वर ठेवतो. मीटर बघून सांगतो, रात्रभरात साडेतीन युनिटं. पण निव्वळ थंडीसाठी घेऊ नका, दीड महिन्याच्या गारठ्यासाठी तो वसूल होत नाही. उन्हाळ्यासाठी एसी घेणारच असाल तर चार पैसे जास्त घालून हा घ्या. नुसत्या गार करणाऱ्या एसीत ही सोय नसते, रिमोटवर सूर्याचं चित्र आहे का बघा.

पन्हाळ्याखालचा
आमचं घर कौलारू. हीटर लावला तर ऊब कौलातनं थेट पन्हाळ्यावर. दोन हिवाळं हेच केलं. मग एकाच खोलीला खालनं प्लायचं सीलिंग मारलं, दाराच्या फटीला जुन्या वाकळंची गुंडाळी लावली. आता निम्म्या वेळात भागतंय. आधी फटी बुजवा, मग हीटर. माझं शिक्षण कमी, पण ह्यात चुकलो न्हाई.

फुलेवाडी
कुणी विजेच्या चादरीचं लिहिलंच नाही! १०० वॉटची आहे. आठ तास चालली तरी पाऊण-एक युनिट. झोपायच्या आधी अर्धा तास लावते, वरनं वाकळ, मग बंद. घडी घालून तापवायची नाही, ओली करायची नाही. सासऱ्यांना साखरेमुळं पायाला जाणीव कमी आहे, त्यांना देत नाही, भाजलं तरी कळायचं नाही. तान्ह्या बाळालाही नको.

पेठकरीण
सगळ्यांचे आभार. सांगते काय केलं ते. देवघराची खिडकी मिटतच नव्हती, सुताराकडून घासून घेतली. नवा १६ चा पॉइंट काढला, आज ना उद्या लागेलच. आईच्या गादीवर विजेची चादर, आणि पूजेच्या वेळी एक कांडीचा हॅलोजन, तिच्या डाव्या हाताला चार फुटांवर. भाच्यानं मीटरची लुकलुक मोजली, २३ भरली. दोन जास्त कशा म्हणून तो घरभर हिंडला, तर माजघरातला ४० वॉटचा दिवा चालू होता.

एकच अडचण आहे. आई चादर दहा मिनिटांत बंद करते, "उगाच जळतंय" म्हणून. फुलेवाडीच्या ताई, तुमच्या चादरीला आपोआप बंद होण्याची सोय आहे का? तशी असेल तर बटण तिच्या हाताला लागणार नाही असं लपवीन म्हणते.