डेट्रॉइटचं उदाहरण बघा

वर कोणीतरी लिहिलंय की जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नवीन बांधलेलं परवडतं, पण अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर बघा ना. डाउनटाऊनजवळचं मिशिगन सेंट्रल स्टेशन, १९८८ ला शेवटची गाडी गेली आणि मग ३० वर्षं खिडक्या फुटून नुसतं ओसाड पडलेलं, २०१८ ला फोर्डने घेतलं, दगड मूळसारखाच पाहिजे म्हणून इंडियानातल्या कित्येक वर्षं बंद असलेल्या खाणीतून आणला, आणि २०२४ च्या जूनमध्ये लोकांसाठी उघडलं!

याउलट हडसन्सचं भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर १९९८ ला सुरुंग लावून पाडलं आणि तिथे नवीन टॉवरचं काम सुरू झालं थेट २०१७ च्या शेवटी. भर वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्यावर, एवढी वर्षं मोकळी जागा. नवा टॉवर मला मनापासून आवडतो, पण ती इमारत तेव्हा नुसती कुलूप लावून ठेवली असती तरी आज वाचली असती असं फार वाटतं.