मदत हवी आहे: गृहकर्जाच्या फायली तयार करण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावा का?

रत्नागिरीत मी दोन बँकांसाठी गृहकर्ज एजंटचे काम एकटाच करतो. महिन्याला सहा-सात फायली असतात. पगारपत्रके, फॉर्म १६ किंवा बँक स्टेटमेंट यांची अडचण येत नाही, घोडे अडते ते जमिनीच्या कागदांवर. सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव, वारस फेरफार झालेला नाही, सहहिस्सेदार मुंबईला, बिनशेती आदेशाची प्रत सापडत नाही, आणि तोवर बँकेच्या वकिलांनी काढलेली शंका माझ्याकडून आठवडाभर अनुत्तरित राहते.

कागदांची छापील यादी दिली, मोबाईलवर आठवणीही पाठवल्या. फरक पडला नाही, कारण कागद गोळा करणे वेगळे आणि ते एकमेकांशी ताडून पाहणे वेगळे. हे दुसरे काम मला ग्राहक सांभाळून नीट जमत नाही.

कमिशन कर्जवाटपानंतरच मिळते आणि ग्राहकाकडून वेगळे पैसे मला घ्यायचे नाहीत. आधार-पॅनच्या प्रती बाहेर जाऊ नयेत म्हणून माणूस कार्यालयात बसणाराच हवा. मंजूर फाईलमागे मोबदला ठेवला तर कच्ची फाईलही पुढे ढकलली जाईल, अशी भीती वाटते.

ज्यांनी असा माणूस ठेवला आहे, त्यांनी मासिक पगार ठरवला की फाईलमागे रक्कम, आणि महिन्याला साधारण किती फायलींपासून तो खर्च परवडू लागला?