कॅमेरा दुरुस्तीच्या बिलातल्या ओळी आणि गेलेले ४७ दिवस

प्रश्न

नमस्कार. माझ्या डीएसएलआरने काढलेल्या काही छायाचित्रांच्या वरच्या भागात काळा पट्टा येऊ लागला, म्हणून मी कॅमेरा सेवाकेंद्रात दिला. पहिल्या एस्टिमेटमध्ये फक्त शटर युनिट, म्हणजे चित्र टिपणाऱ्या सेन्सरपुढचे उघडझाप करणारे पडदे, होते. महिनाभराने सुधारित एस्टिमेट आले, त्यात एका फ्लेक्स केबलची (आतले भाग जोडणाऱ्या चपट्या, लवचिक तारपट्टीची) भर पडली होती, आणि कॅमेरा हाती पडला तो ४७व्या दिवशी. बिलावर शटर युनिट, फ्लेक्स, 'सेन्सर व एएफ ॲडजस्टमेंट' (एएफ म्हणजे ऑटोफोकस), 'मजुरी – श्रेणी ब' आणि 'इतर साहित्य' अशा ओळी आहेत. सेन्सरबद्दल माझी तक्रारच नव्हती, तर त्याचे पैसे का लागावेत? मजुरी शटरच्या किमतीपेक्षा जास्त कशी? आणि दर वेळी मिळणाऱ्या 'सुटा भाग यायचा आहे' या उत्तरावर किती दिवस विसंबून राहायचे? मला भांडण उकरून काढायचे नाही, पण बिल समजल्याशिवाय स्वस्थही बसवत नाही.

प्रतिसाद १

सेन्सरची ओळ मला तरी रास्त वाटते. बहुतेक डीएसएलआरमध्ये शटर सेन्सरच्या अगदी पुढे बसवलेले असते, त्यामुळे ते बाहेर काढायचे म्हणजे आधी सेन्सरचा भाग सोडवावा लागतो. तो परत बसवताना लेन्सच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचे अंतर पूर्वीइतकेच यावे लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर असते. यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशोब चालतो, आणि सेन्सर किंचित कलला तरी छायाचित्राची एक बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, दिसू लागते. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा, आरशाखालच्या भागात असल्यामुळे त्याचाही मेळ पुन्हा घालावा लागतो. ही ओळ बिलात नसती, तर मी जास्त काळजी केली असती.

'श्रेणी' म्हणजे प्रत्यक्ष लागलेले तास नव्हेत. मॉडेल आणि कामाचा आवाका पाहून अनेक ठिकाणी मजुरीचे टप्पे आधीच ठरवलेले असतात, त्यामुळे भागाच्या किमतीशी तिची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. 'इतर साहित्य' बहुधा चिकटपट्टी आणि ग्रिपचे रबर असावे, कारण आतल्या स्क्रूंपर्यंत पोहोचण्यासाठी ते रबर सोलून काढावे लागते आणि जुना गोंद पुन्हा नीट धरत नाही.

प्रतिसाद २

विलंबाबद्दल एक सुचवतो. जॉबशीट (सेवाकेंद्राने ठेवलेली कामाची नोंद) मागून घ्या आणि कॅमेरा जमा झाल्याचा दिवस, एस्टिमेट पाठवल्याचा दिवस, तुमची मंजुरी पोहोचल्याचा दिवस, भाग मागवल्याचा आणि आल्याचा दिवस, तपासणीचा दिवस असे सगळे एका कागदावर उतरवून काढा. प्रत्यक्ष हातात घेऊन केलेले काम थोडे आणि वाट पाहणे फार, असेच बहुधा निघते. सुटे भाग कधीकधी खरोखरच अडकतात; ऑक्टोबर २०११ मधल्या थायलंडच्या पुराने निकॉनचा अयुथ्यातला कारखाना बंद पाडला होता आणि एप्रिल २०१६ मधल्या कुमामोतोच्या भूकंपाने सोनीचे सेन्सर-उत्पादन थांबवले होते. मात्र कुठलेही मोठे संकट नसताना कोणी 'भाग यायचा आहे' एवढेच सांगत असेल, तर 'मागणी कोणत्या तारखेला नोंदवली?' हा प्रश्न लेखी विचारावा. मंजुरी येईपर्यंत भाग मागवतच नाहीत, ही गोष्टही अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण मला खटकते ती फ्लेक्सची ओळ, आणि तिच्याबद्दल अजून कोणी काहीच विचारलेले नाही. शटर बदलल्यावर त्यामागे दडलेला दुसरा दोष उघडा पडतो, हे खरे आहे. त्यामुळे सुधारित एस्टिमेट आले म्हणजे फसवणूकच झाली, असे मी म्हणणार नाही. परंतु ही केबल कागदासारखी पातळ असते आणि कॅमेरा उघडताना ओढली गेली तर फाटते. जुनी केबल मागून बघा. संपर्कपट्ट्यांवर हिरवट डाग असतील, तर ओलाव्याचा परिणाम समजावा. कनेक्टरच्या तोंडाशी स्वच्छ, ताजी चीर असेल, तर ती कधी पडली याचा खुलासा त्यांनी द्यायला हवा.

कॅमेराही आजच तपासून घ्या. एकसारख्या उजेडातल्या साध्या भिंतीची १/४००० सेकंदाने दहा-बारा छायाचित्रे काढा. एका कडेला सावलीसारखा पट्टा दिसला, तर शटरचे पडदे अजून बरोबर जुळलेले नाहीत. दुरुस्तीची हमी बऱ्याचदा बदललेल्या भागापुरतीच आणि थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून ही चाचणी लांबणीवर टाकू नका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. तारखा मांडल्या, तेव्हा हिशोब असा निघाला: एस्टिमेटला ५ दिवस, माझ्या मंजुरीला ९, शटर येण्यास १६, ते बसवून दुसरा दोष सापडेपर्यंत ३, फ्लेक्स येण्यास १० आणि शेवटची जोडणी व तपासणी यांना ४. मंजुरीचे ९ दिवस पूर्णपणे माझ्या खात्यावर आहेत, कारण एस्टिमेटचा ईमेल स्पॅममध्ये पडून होता आणि मी मात्र रोज त्यांच्यावर चिडत होतो. भिंतीची छायाचित्रे स्वच्छ आली.

जुनी केबल त्यांनी जपून ठेवली होती. डाग कुठेच नाहीत. कनेक्टरपाशी नखाएवढी सरळ चीर आहे. तिचे जवळून छायाचित्र घेतले, ते जोडून फ्लेक्सच्या रकमेबद्दल लेखी खुलासा मागितला आहे, आणि सेन्सर व मजुरीच्या ओळींबाबतचा आक्षेप त्याच पत्रात मागे घेतला आहे.