मदत हवी आहे: सकाळी ट्रक हँडपंप मारल्याशिवाय चालू होत नाही

गाडी सहाचाकी, बीएस-३, इंजिनात डिझेल फवारणारा साधा इनलाइन पंप, सेन्सर काही नाही. रात्रभर उभी राहिली की सकाळी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँडपंप मारून डिझेल लाइनमधली एअर काढावी लागते. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर लागते. पण कांदा भरून चंदनापुरी घाट चढताना ओढ कमी पडते. धूर काळा किंवा पांढरा नाही, बाहेर डिझेल गळतानाही दिसत नाही.

दोन्ही डिझेल फिल्टर, नळ्या जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर बदलले. टाकीची जाळी साफ केली, पाणी काढलं. फीड पंपानंतर पारदर्शक नळी लावली तर बुडबुडे दिसतात. टाकीऐवजी कॅनमधून डिझेल दिलं तर बुडबुडे बंद, घाटातली ओढही परत आली. तरी सकाळचा हँडपंप सुटत नाही!

मिस्त्री इनलाइन पंप उतरवून कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) करा म्हणतात. कॅनवर गाडी ओढते, त्यामुळे मला ते पटत नाही, आणि हंगामात गाडी उभी ठेवणं परवडणारं नाही. टाकीपासूनची नळी बदलतोच आहे. पण रात्री डिझेल मागे उतरतंय ते फीड पंपाच्या व्हॉल्व्हमधून की जादा डिझेल टाकीत परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून, हे पंप न उतरवता कसं ओळखायचं?