‘एकगठ्ठा’, ‘वाटप’ आणि अमेरिकेची निर्वाचक मतं

प्रश्न : अमेरिकेचा अध्यक्ष राज्याराज्यांतून नेमलेल्या निर्वाचकांच्या मतांनी ठरतो. त्या निवडणुकीवरच्या लेखात ‘विनर टेक ऑल’साठी, म्हणजे राज्यात जिंकेल त्याला तिथली सगळी निर्वाचक मतं या नियमासाठी, ‘एकगठ्ठा’ वापरावं का? आणि ‘मतवाटपातील सुधारणा’ हे शीर्षक बरोबर आहे ना?

उत्तर १ : ‘एकगठ्ठा’ चालेल, पण क्रियापद जपून. आपल्याकडे एकगठ्ठा मतदान म्हणजे एखाद्या गावानं वा समाजानं ठरवून एकालाच मतं देणं. अमेरिकेत मतदार विभागलेलेच असतात, गठ्ठा बांधतो तो राज्याचा कायदा. 2000 साली फ्लोरिडात बुश यांची आघाडी फक्त 537 मतांची होती, तरी राज्याची सगळी 25 निर्वाचक मतं त्यांच्या पदरात पडली. तेव्हा ‘फ्लोरिडानं एकगठ्ठा मतदान केलं’ चूक. ‘फ्लोरिडाची निर्वाचक मतं एकगठ्ठा बुश यांना गेली’ बरोबर. 48 राज्यांत आणि राजधानीत हाच नियम आहे.

उत्तर २ : उरलेली दोन म्हणजे मेन आणि नेब्रास्का. तिथे राज्यभरच्या विजेत्याला 2 मतं आणि प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) प्रत्येक मतदारसंघातल्या विजेत्याला 1. इथे ‘डिस्ट्रिक्ट’चा ‘जिल्हा’ करू नका, बातम्यांत ही चूक सर्रास दिसते. ओमाहा शहर ज्यात येतं तो नेब्रास्काचा दुसरा मतदारसंघ. 2024 मध्ये राज्याच्या 5 मतांपैकी त्याचं 1 हॅरिस यांना मिळालं. पण ही पद्धत देशभर नेली तर मतदारसंघांच्या सीमा कोण आखतं, यावर अध्यक्ष ठरू लागेल.

उत्तर १ : तिसरा प्रकार ‘प्रमाणशीर वाटप’, म्हणजे राज्यातल्या कौलाच्या प्रमाणात निर्वाचक मतं वाटणं. ‘समप्रमाणात’ टाळा, वाचक ‘सारखी वाटणी’ समजतात. गंमत म्हणजे छोट्या राज्यात प्रमाणशीर वाटणीही सारखीच निघते. 4 मतं असतील आणि कौल 55-45 असेल, तर हिशेब 2.2 आणि 1.8, पूर्णांकात 2-2. तिसरं मत मिळवायला 62.5 टक्के लागतात, म्हणजे प्रचाराला कुणी फिरकणार नाही. दुसरी अडचण तिसऱ्या उमेदवाराची. 1992 मध्ये पेरो यांना सुमारे 19 टक्के मतं पडली, निर्वाचक मत एकही नाही. प्रमाणशीर पद्धतीत क्लिंटन यांचे 43 टक्के म्हणजे 538 पैकी साधारण 231. बहुमताची 270 कुणालाच नाहीत, की निवड प्रतिनिधिगृहाकडे, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत.

उत्तर ३ : शीर्षकातल्या ‘सुधारणा’बद्दल. घटना बदलायची असेल तर ‘घटनादुरुस्ती’ म्हणा. तिला सहसा दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग 38 राज्यांची संमती लागते. निर्वाचक कसे नेमायचे हे मात्र राज्याचं विधिमंडळ ठरवतं. मेन, नेब्रास्कानं साधा कायदा केला. तिथे ‘सुधारणा’ योग्य.

प्रश्न : आणि राज्यांमधला तो राष्ट्रीय लोकमताचा करार? तोही ‘वाटप’च ना?

उत्तर १ : नाही, तिथे ‘वाटप’ साफ चुकतं. करारातली राज्यं गठ्ठा फोडत नाहीत, फक्त त्याचा पत्ता बदलतात: राज्यात कुणीही जिंको, सगळी मतं देशभर सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला. आणि तेही सामील राज्यांची बेरीज 270 झाल्यावरच. 2024 मध्ये मेन आल्यावर ती 209 झाली होती. लेखात हा करार असेल तर शीर्षक ‘निर्वाचक मतं कुणाला द्यायची?’ असं करा. ‘द्यायची’मध्ये एकगठ्ठाही बसतं, वाटपही.