डार्कटेबलमध्ये जेजुरीचा भंडारा लिंबाच्या रंगाचा का होतोय?

कऱ्हाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सासवडची. घरचं औषधांचं दुकान आहे, फोटोग्राफी रविवारी आणि सणावाराला. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स १८-१४०. सगळं रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढते.

मार्चमध्ये जुना लॅपटॉप गेला. त्यातलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर मी एकदाच पैसे भरून घेतलं होतं आणि ९ वर्षं त्यावरच काम केलं. नव्या लॅपटॉपवर ते सुरूच होईना. ती आवृत्ती आता बंद, दरमहा भाडं भरा, असं उत्तर मिळालं. नाव घेत नाही, वाद नको. भाडं परवडत नाही अशातला भाग नाही, पण ज्या महिन्यात भरणार नाही त्या महिन्यात माझ्याच फोटोंवरचं माझंच काम मला पुढे नेता येणार नाही, हे मनाला पटत नाही. म्हणून डार्कटेबल उतरवून घेतलं. फुकट आहे, मुक्त आहे, आणि कुणी एका दिवसात बंद करू शकणार नाही, एवढं मला पुरे होतं.

आता अडचण सांगते. या सोमवतीला जेजुरीला गेले होते. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघायच्या आधी मी गडाच्या पायऱ्यांवर जागा धरून उभी होते. एक नवं जोडपं आलं. नवऱ्याने बायकोला उचलून घेतलं (निदान ५ पायऱ्या तरी उचलून चढायची रीत आहे) आणि तेवढ्यात वरून कुणीतरी भंडारा उधळला. तिचा एक हात त्याच्या मानेभोवती, दुसरा डोळ्यांवर आडवा धरलेला. हिरवा चुडा मनगटावरून कोपराकडे घसरलेला आणि बांगड्यांच्या कडांवर भंडारा असा साचलेला की बोटाने निपटून घ्यावा. ९ वर्षांत माझ्याकडून असा फोटो निघाला नव्हता. त्या दोघांना मी १२ × १८ इंची प्रिंट कबूल केली आहे.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हा फोटो झळाळतो. डार्कटेबलच्या लाइटटेबलमध्ये (फोटोंच्या यादीत) आधी तसाच दिसतो. डार्करूममध्ये (एडिटिंगच्या पानावर) उघडला की धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखा होतो. मग मी बेस कर्व्ह नावाचं मॉड्यूल निकॉनचं प्रीसेट निवडून लावलं, वर सॅच्युरेशन वाढवलं. चेहरे सुधारले, भंडारा बिघडला. सावलीतला भंडारा हळदीसारखा, उन्हातला लिंबाच्या सालीसारखा हिरवट-पिवळा, आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा तर सपाट ठिगळ, त्यात एक कण दिसत नाही. एकाच मुठीतली हळद तीन रंगांची कशी झाली? माझ्या हातून फोटोत उजेडच जास्त पडला असेल तर स्पष्ट सांगा. फोटो गेला असेल तर तेही सांगा.

आणखी एक. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं ९ वर्षांचं काम इथे आणायचा काही मार्ग आहे का? लॅपटॉप नवा असला तरी साधा आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

पेंग्विनवाला

ताई, तुमचा फोटो बहुतेक शाबूत आहे. आधी एक गोष्ट तपासा. डार्करूममध्ये फोटोखालच्या पट्टीत रॉ ओव्हरएक्स्पोज्ड दाखवणारं बटण आहे, ते दाबा. सेन्सरवरच जिथे माहिती संपली तिथे रंगीत खुणा उमटतील. खांद्यावर खुणा आल्या नाहीत तर हळदीचा कण न् कण फाइलमध्ये आहे, फक्त पडद्यापर्यंत येताना दबतोय.

तीन रंग का झाले ते सांगतो. हळदीच्या रंगात लाल भरपूर, हिरवा त्याच्याखालोखाल, निळा जवळजवळ नाहीच. उजेड वाढत गेला की लाल आधी २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन टेकतो. त्याला पुढे जागा नाही, पण हिरवा मागून चढतच राहतो. हळदीत दोघांचं जे प्रमाण असतं ते मोडतं आणि रंग लिंबाकडे सरकतो. आणखी उजेड पडला की हिरवाही टेकतो. मग फरक दाखवायला काहीच उरत नाही, तेच तुमचं ठिगळ. तुम्ही सॅच्युरेशन वाढवलंत तेव्हा लाल आणखी वर ढकलला गेला आणि निळा शून्याच्याही खाली गेला. दुखणं तिथे वाढलं.

दुसरं, बेस कर्व्ह बंद करा. तुमच्याकडे नवी आवृत्ती असेल तर सिग्मॉइड किंवा फिल्मिक यांपैकी एक आपोआप लागलेलं असणार. बेस कर्व्ह आणि ते, दोघांचं काम एकच: बाहेरचा प्रचंड उजेड पडद्यात मावेल इतका दाबायचा. एकाच फोटोवर दोघं बसली की रंगांचे असेच हाल होतात. सुरुवात करणारे जवळपास सगळे हे करतात, मीही केलंय.

माझा क्रम असा. सेटिंग्जमध्ये प्रोसेसिंगखाली सीन-रेफर्ड, सिग्मॉइड निवडायचं. फोटोचा इतिहास मोडून कोऱ्यापासून सुरुवात. एक्स्पोजर (उजेडाचं) मॉड्यूल फक्त चेहऱ्यांकडे बघून लावायचं, भंडाऱ्याकडे त्या वेळी बघायचंच नाही. (डार्कटेबल स्वतःहून ०.७ स्टॉप वाढवून देतं, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट; ते तुमच्या फोटोला जास्त होत असेल तर खुशाल कमी करा.) मग सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट १.५ वरून थोडा वर न्यायचा आणि तिथला प्रिझर्व्ह ह्यू (मूळ रंगछटा जपणारा स्लायडर) पूर्ण ठेवायचा. रंगाची झळाळी सगळ्यात शेवटी, कलर बॅलन्स आरजीबीमधून, आणि तीही बेताने.

एवढं करून खांदा उजळ वाटलाच तर एक्स्पोजरची दुसरी प्रत घ्या, अर्धा स्टॉप खाली आणा आणि तिला पॅरामेट्रिक मास्क (रंग किंवा उजेडावरून भाग निवडणारा) लावा. मास्कमध्ये ह्यूची पट्टी असते, पिकर भंडाऱ्यावर टेकवून फक्त तेवढा पिवळा निवडायचा. मास्कच्या कडा किंचित मऊ करा, नाहीतर कपाळावरच्या भंडाऱ्याभोवती रेघ दिसेल.

जुन्या कामाचं म्हणाल तर मन घट्ट करा. प्रत्येक सॉफ्टवेअरचं गणित वेगळं, एकाचे स्लायडर दुसऱ्याला फारसे कळत नाहीत. तारांकन, कीवर्ड एवढं एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोशेजारच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलेलं असेल तर येतं. तयार जेपीजी जपून ठेवा आणि जे फोटो खरंच जिव्हाळ्याचे आहेत तेवढे नव्याने करा. इथून पुढे ही भीती नाही. डार्कटेबल मूळ एनईएफला (निकॉनच्या रॉ फाइलला) हात लावत नाही, शेजारी .एक्सएमपी नावाची छोटी मजकुराची फाइल लिहितं. बॅकअप घेताना दोन्ही बरोबर घ्या, आणि फाइलची नावं बाहेरून बदलू नका.

लाल खोली

ताई, माझा मिरजेला ३१ वर्षं स्टुडिओ होता. वरच्या दादांनी कृती बरोबर दिली आहे, मी एवढंच सांगतो की फोटो विटलेला दिसतो म्हणून घाबरू नका. आम्ही निगेटिव्ह उजेडासमोर धरायचो तेव्हा तीही अशीच फिकी दिसायची. त्या निगेटिव्हवरून ग्रेड २ च्या कागदावर एक माणूस निघायचा आणि ग्रेड ३ वर (त्यात कॉन्ट्रास्ट जास्त) दुसरा. कागद कुठला घ्यायचा ते चेहरा बघून मी ठरवायचो.

तुमच्या कॅमेऱ्याने मागच्या पडद्यावर दाखवलेला फोटो म्हणजे निकॉनने तुमच्यासाठी कागद निवडून काढलेली प्रिंट. कॉन्ट्रास्ट, रंग, धार सगळं त्यांच्या अंदाजाने. रॉमध्ये १४ बिट असतील तर प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीजीत २५६. एवढा ऐवज हातात असताना प्रिंट तुमच्या डोळ्यांनी काढा. तुम्ही तिथे उभ्या होतात, निकॉन नव्हतं.

अॅक्टिव्ह डी-लायटिंग चालू असेल तर रॉ काढताना ते बंद ठेवा. ते कॅमेऱ्याला गुपचूप कमी उजेड घ्यायला लावतं आणि जेपीजीत सावल्या उचलून देतं. रॉमध्ये फक्त कमी उजेड तेवढा उरतो.

सह्यभटकी

मी थोडं वेगळं सांगते. डार्कटेबल मलाही आवडतं, पण ८ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड नाही म्हटल्यावर एकदा रॉथेरपीही लावून बघा. तेही मुक्त आहे. त्यात ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह आहे, फाइलमध्येच दडलेला कॅमेऱ्याचा जेपीजी बघून ते उजेड-सावली त्याच्या जवळ नेऊन ठेवतं. फोटो उघडल्या उघडल्या बिचकायला होत नाही. मी कासच्या फुलांचे फोटो त्यात करते. तेरड्याच्या गुलाबीचंही अगदी तुमच्या भंडाऱ्यासारखंच होतं, पाकळीतल्या शिरा जातात आणि नुसता गुलाबी डाग राहतो.

रॉथेरपीमध्ये फोटोंचा संग्रह लावून ठेवायची सोय मात्र तोकडी आहे. तुमच्याकडे ९ वर्षांचे फोटो असतील तर त्यासाठी डिजिकॅम वेगळं घ्यावं लागेल. डार्कटेबलवरच राहायचं ठरवलंत तर डिफ्यूज ऑर शार्पन हे मॉड्यूल सध्या टाळा, तुमच्या लॅपटॉपवर ते फार वेळ खाईल.

जेजुरीबद्दल मला खूप आस्था आहे म्हणून विचारते: लेन्सच्या झूमच्या कड्यात भंडारा गेला नाही ना? माझ्या एका लेन्सचं कडं अजून करकरतं. पुढच्या वेळी प्लास्टिकची पिशवी, रबर, आणि गडावर असेपर्यंत लेन्स बदलायची नाही.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री दुकान बंद झाल्यावर बसले होते, काय झालं ते नीट लिहिते.

रॉ ओव्हरएक्स्पोज्डचं बटण दाबलं तेव्हा छातीत धडधडत होतं. खुणा आल्या त्या फक्त मागच्या दीपमाळेच्या उन्हातल्या कडेवर आणि बाईच्या नथीच्या एका मोत्यावर. खांद्यावर एकही नाही! दादा, तुम्ही म्हणालात तसंच, हळद होती तिथेच होती.

इतिहास मोडला, बेस कर्व्ह काढलं, सिग्मॉइड ठेवलं. नवरीच्या हाताखालून चेहरा अर्धाच दिसतो, तेवढ्यावरच एक्स्पोजर लावलं, ०.७ चं ०.२ झालं. नुसत्या एवढ्याने लिंबाचा रंग गेला. मी कितीतरी वेळ स्नॅपशॉट घेऊन मधली रेघ इकडून तिकडे सरकवत बसले, एका बाजूला लिंबू, दुसऱ्या बाजूला भंडारा. मग कॉन्ट्रास्ट १.७ केला. झळाळी थोडीच दिली, कारण जास्त दिली की चुड्याचा हिरवा काचेचा न वाटता प्लास्टिकचा वाटायला लागतो.

मास्कवर मात्र अडले. पिकरने पिवळा निवडला तर नवरीच्या हळदीच्या अंगाचा रंगही त्यातच आला. लग्नाला चारच दिवस झाले होते, हळद उतरली नव्हती. तिचे हात काळवंडायला लागले. शेवटी पॅरामेट्रिकबरोबर हाताने काढलेला मास्क जोडला, नवऱ्याच्या खांद्यापुरता, आणि तेवढाच भाग ०.४ स्टॉप खाली आणला. आता खांद्यावर भंडाऱ्याची ढेकळं दिसतात, शर्टाच्या शिवणीत अडकलेला भंडारा दिसतो, आणि मला प्रत्यक्षात दिसली नव्हती अशी एक गोष्ट दिसली: तिच्या पाच बोटांचे ठसे. उचलून घेताना तिने आधी खांद्याला धरलं असणार, मग हात मानेभोवती टाकला. ठिगळाखाली हे सगळं झाकलं गेलं होतं.

सह्यभटकी, रॉथेरपीही बघितलं. चेहरे पटकन छान आले हे खरं. पण संग्रहासाठी मला एकाच ठिकाणी सगळं हवं आहे आणि दोन रात्रींत डार्कटेबलचा हात बसायला लागलाय, तेव्हा तिथेच राहते. लेन्स ठीक आहे, ब्लोअर आणि मऊ ब्रशने साफ केली, ओलं फडकं लावलं नाही.

जुन्या कामातले २०० फोटो निवडायला घेतले आहेत. पहिला आमच्या आईचा आहे, तो नव्यानेच करणार.

शेवटची शंका प्रिंटची. लॅबला काय द्यायचं? माझ्या पडद्यावर जे दिसतंय तेच कागदावर येईल का?

लाल खोली

बोटांचे ठसे वाचून फार बरं वाटलं.

१२ × १८ ला कापाकापी लागणार नाही, तुमच्या सेन्सरचं प्रमाणही २:३ च आहे. ६००० × ४००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३३, भरपूर झालं. आकार बदलू नका, आहे तसा द्या. लॅबने वेगळं काही सांगितलं नसेल तर एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या पडद्यांच्या रंगपद्धतीत), जेपीजी, गुणवत्ता ९५ च्या पुढे. अॅडोबी आरजीबीमध्ये दिलीत आणि त्यांच्या मशीनने ते वाचलं नाही तर भंडारा विटका येईल.

पडद्याचा उजेड कमी करून बघा. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून काम केलं की प्रिंट हमखास काळोखी येते. शेजारी पांढरा कोरा कागद धरायचा, खोलीतल्या साध्या दिव्यात, आणि पडद्यावरचं पांढरं त्याच्याइतकं होईपर्यंत उजेड उतरवायचा. मग फोटो पुन्हा बघायचा. आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढून घ्या, मोठी नंतर. त्या लहान प्रिंटवर पेन्सिलीने मागे लिहून ठेवा काय कमी-जास्त वाटलं ते.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर घरातल्या ट्यूबलाइटची रेघ नेमकी भंडाऱ्यावर येईल.

पेंग्विनवाला

आणि ताई, पुढच्या सोमवतीसाठी: डी५६०० मध्ये प्लेबॅक डिस्प्ले ऑप्शन्समध्ये आरजीबी हिस्टोग्रामवर (लाल, हिरवा, निळा यांच्या उजेडाच्या आलेखांवर) खूण करून ठेवा. भंडारा उधळायला लागला की एकत्र आलेख न बघता फक्त लालचा बघायचा. तो उजव्या भिंतीला चिकटला तर ०.७ खाली या. तो आलेख जेपीजीवरून काढलेला असतो, रॉमध्ये त्याहून थोडी जागा जास्त असते, म्हणून भीतीने फार खाली जाऊ नका.

कऱ्हाकाठ

खूण करून ठेवली. ४ × ६ काल आली, सावल्या जरा गडद वाटल्या, ०.१५ ने वर नेल्या. मोठी मॅटवर सांगितली आहे, शुक्रवारी मिळेल. रविवारी दुकान अर्धा दिवस, दुपारी त्यांच्या गावी नेऊन देते.