मदत हवी आहे: दोन रुपयांच्या नाण्यातील दोष टांकसाळीतला की नंतरचा?

सुट्ट्या पैशांत मला 'राष्ट्रीय एकता' लिहिलेले, भारताच्या नकाशाचे, अकरा कोनी दोन रुपयांचे जुने नाणे मिळाले आहे. आपली नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटली, तर दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. परंतु या नाण्यावर सिंहमुद्रा सरळ धरून ते उलटल्यास नकाशा जवळजवळ काटकोनात फिरलेला दिसतो. सालाखाली मुंबई टांकसाळीची, पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण आहे. साचा फिरल्याने असे होते, हे मला समजते. मात्र कडेजवळ अक्षरे चपटी झाली आहेत, ती अपुऱ्या दाबामुळे की नंतरच्या आघातामुळे, हे भिंगाखाली कसे ओळखावे? प्रमाणित वजन 6 ग्रॅम असल्याने वजनातून काही उलगडेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे. तोपर्यंत नाणे मी मुळीच घासणार नाही.